जिमनीला २३५चे टायर घालून स्पितीला निघालाय? आधी हे वाचा

निकाल आधी सांगतो, कारण टायरच्या दुकानात उभं राहून मोबाइलवर हे वाचणारेही असतील. मारुतीची पाच दारांची जिमनी हिमाचलातल्या स्पितीला न्यायची असेल तर २१५/७५ आर १५ घाला, म्हणजे २१५ मिलिमीटर रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, १५ इंची रिमचा टायर. एटी (ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचा) पॅटर्न, कंपनीच्याच रिमवर आणि स्टेपनी धरून पाचही. २३५/७५ आर १५ दिसायला झकास दिसतो, फोटोत गाडीला रुबाब येतो, पण स्पितीत शिरायची खिंड, कुंझुम पास, फोटोवर चढत नाही.

आमच्या दोन जिमनी होत्या, दोन्ही मॅन्युअल. मित्राने २१५ घातले होते. माझ्या गाडीला पुण्यातल्या एका दुकानदाराने २३५ गळ्यात मारले. "दादा, डोळे झाकून टाका, प्लग अँड प्ले आहे. काही कापायचं नाही, रिम बदलायची नाही. आणि पाचवा कशाला घेता? जुना आहे ना स्टेपनीला!" या चार वाक्यांत एकही खरं निघालं नाही. वर नायट्रोजन, अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि 'ऑफरोड सेटिंग' अशी ओळ टाकून बिल फुगवलं ते वेगळंच. ऑफरोड सेटिंग म्हणजे काय, हे त्यालाही सांगता आलं नाही.

आता हिशेब. कंपनीचा १९५/८० आर १५ टायर म्हणजे साधारण ६९३ मिलिमीटर व्यास. २१५/७५चा ७०३ आणि २३५/७५चा ७३३. म्हणजे २१५ने चाक दीड टक्का मोठं होतं, ते गाडीला कळतही नाही. २३५ने जवळजवळ सहा टक्के मोठं होतं आणि तेवढेच गाडीचे सगळे गिअर लांबतात. पहिला गिअर पहिला राहत नाही. स्पीडोमीटर आणि ओडोमीटर दोन्ही कमी दाखवतात. एरवी कंपनीचा काटा थोडा पुढेच असतो, तो फरक इथे संपतो. द्रुतगती मार्गावर काटा शंभरवर ठेवून निर्धास्त राहायची सवय असेल तर कॅमेरे आठवा.

रिमचंही तसंच. जिमनीची मूळ रिम साडेपाच इंच रुंद आहे. २१५/७५ तिच्यावर नियमात बसतो. २३५/७५ला किमान सहा इंची रिम लागते. साडेपाचवर तो चढतो, नाही असं नाही, पण साइडवॉल (टायरची बाजू) फुगते आणि ट्रेड (रस्त्याला टेकणारा भाग) मधोमध झिजतो. दुकानदाराला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

पुणे ते मनाली यात सांगण्यासारखं काही नाही. हायवे आहे, कंटाळा येतो, डिझेलवाले पुढे जातात.

मनालीत पार्किंगमधून गाडी काढताना स्टिअरिंग पूर्ण कापलं आणि पुढच्या डाव्या चाकातून खर्रर्र आवाज आला. वाकून बघितलं तर आतल्या प्लास्टिक लायनरला तळहाताएवढा भाग घासून पांढरा पडला होता, बंपरच्या खालच्या कडेला ट्रेडच्या ठोकळ्यांचे खाचेखाचे उमटले होते आणि सस्पेन्शनच्या आर्मवर रबराची काळी भुकटी बसली होती. सरळ रस्त्यावर कळलं नव्हतं, कारण हायवेला कोण फुल लॉक मारतं? तिथल्या एका गॅरेजवाल्याने हीट गनने लायनर मागे दाबला, बंपरची कड कापली आणि अर्ध्या तासाच्या कामाचे अडीच हजार घेतले. "भाईजी, सीझन है." यावर काय बोलणार? हे काम घरी करायचं असेल तर एक धारदार कटर आणि हेअर ड्रायर पुरतो. पण आर्मवर घासतं ते कापून जात नाही. त्याला रिमचा ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते माप) बदलावा लागतो, म्हणजे पुन्हा खर्च.

आता तो तुकडा, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. अटल बोगद्यातून बाहेर पडलं की कोकसरहून ग्राम्फू आणि ग्राम्फूहून छत्रू, छोटा दर्रा, बातल. नकाशात ग्राम्फू ते बातल पन्नासेक किलोमीटर दिसतात. सीमा रस्ते संघटनेचं काम चालू आहे, काही ठिकाणी रस्ता रुंद झालाय, पण उरलेल्यात रस्ता असा नाहीच. चंद्रा नदीच्या काठाने गोटे टाकलेत आणि त्यावरून जायचं. आमच्या पुढे गेलेल्या 'जाणकारांनी' दोनअडीच तास सांगितले होते. त्यांनी बहुतेक हेलिकॉप्टर केलं असावं. जेवणाचा डबा न उघडता आम्ही सकाळचे निघालो ते बातलला पोचेपर्यंत दुपार कलली होती.

नाले हा खरा प्रश्न आहे. पाणी हिमनद्यांचं, त्यामुळे ऊन चढलं की वाढतं. छत्रूजवळचा डोर्नी नाला सकाळी लवकर ओलांडा, मनाली पहाटे चारला सोडा, यात तडजोड नको. पाण्यात घालण्याआधी कोणीतरी उतरून, काठी घेऊन चालत जा. पाण्याची खोली बघायची असतेच, पण तळातला मोठा गोटा कुठे आहे ते जास्त महत्त्वाचं. फोर-एल (चारही चाकांना ताकद देणारी, हळू पण जोरकस लो रेंज), पहिला किंवा दुसरा गिअर, एकाच लयीत. मधेच क्लच दाबायचा नाही.

आणि इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. एका नाल्यात मित्राच्या गाडीचा मागचा डिफरन्शियल (दोन चाकांना ताकद वाटून देणारा, अ‍ॅक्सलवरचा गोळा) गोट्यावर ठाणकन आपटला आणि माझी गाडी त्याच गोट्यावरून अलगद गेली. फरक फक्त पंधरा मिलिमीटरचा. जिमनीला पुढेमागे अखंड अ‍ॅक्सल आहे, त्यामुळे लिफ्ट किट घालून बॉडी वर जाते, डिफरन्शियल जागचा हलत नाही. त्याला उचलतो तो फक्त टायर. त्या क्षणी मला दुकानदाराचे पाय धरावेसे वाटले. पुढे कुंझुमच्या वळणांवर ते विचार बदलले.

बातलपासून कुंझुम दहाबारा किलोमीटर आणि उंची साडेचार हजार मीटरच्या वर. जिमनीला टर्बो नाही. दीड लिटरचं पेट्रोल इंजिन, कागदावर १०५ पीएस आणि १३४ न्यूटन-मीटर. एवढ्या उंचीवर हवा विरळ, त्यामुळे चाळीस टक्क्यांच्या आसपास ताकद तशीच जाते. उरलेल्या ताकदीवर सहा टक्के लांबलेला पहिला गिअर आणि प्रत्येक चाकामागे चारपाच किलो जास्त रबर. वळणावर समोरून बस आली, थांबलो, पुन्हा सुटायला गेलो तर इंजिन बंद. दुसऱ्यांदा क्लच घासून सुटलो आणि गाडीत जळका वास भरला. मित्र मागून त्याच वळणावर पहिल्या गिअरमध्ये साधा सुटून आला. शेवटी मी फोर-एल टाकला आणि कासवाने चढाव घ्यावा तसा वर पोचलो. तुम्हीही तेच करा: चढावर थांबण्याआधी सपाट जागा बघून फोर-एल टाका, वळणात अडकल्यावर नाही. ऑटोमॅटिकवाल्यांना क्लचचा वास येणार नाही, पण गिअर चारच आहेत, त्यामुळे सुखात राहाल असं समजू नका.

लोसरच्या अलीकडे मागचा डावा टायर एका धारदार दगडाने साइडवॉलला कापला. तिथे पंक्चरची पट्टी चालत नाही, ती फक्त ट्रेडमध्ये. म्हणजे स्टेपनी. ती जुनी, १९५ची, व्यासाला चार सेंटिमीटर लहान. गाडी एका बाजूला झुकली, डॅशबोर्डवर ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला आणि मागचा डिफरन्शियल पुढचा सगळा वेळ दोन्ही चाकांतला फरक भरून काढत फिरत राहिला. अशा अवस्थेत कडक रस्त्यावर फोर-व्हील लावायची नाही. जिमनीत मधला डिफरन्शियल नाही, त्यामुळे ताण थेट गिअरवर येतो. काझापर्यंत टू-व्हीलमध्ये जीव मुठीत धरून गेलो. 'जुना आहे ना स्टेपनीला' या सल्ल्याची किंमत ही.

काझात २३५ मिळाला नाही. २१५/७५ मात्र समोर टांगलेला होता, कारण बोलेरोलाही तोच टायर लागतो. आडगावात आपल्या मापाचा टायर मिळणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे तिथे कळतं. शेवटी कापलेल्या टायरला आतून पॅच मारून त्यात ट्यूब टाकली. पंक्चरवाल्याने पुण्याच्या तिप्पट घेतले आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तो तिथे आहे हेच उपकार. पंधरा इंची ट्यूब, कॉम्प्रेसर आणि जॅकखाली ठेवायला लाकडी ठोकळा बरोबर असू द्या. चाक मोठं झालं की कंपनीचा जॅक अपुरा पडतो.

काझानंतर ताबो, नाको, कल्पा. रस्ता बरा, हवा छान, सफरचंदं गोड. पुन्हा गेलो तर उलटा, शिमल्याकडूनच जाईन. उंची हळूहळू चढते आणि डोकं ठणकत नाही.

पॅटर्नबद्दल थोडं. एमटी, म्हणजे चिखलासाठीचा मड-टेरेन, घेऊ नका. ओल्या डांबरावर ब्रेक लागत नाही आणि पुण्यापासून मनालीपर्यंत कानात भुंगा. 'एलटी' (लाइट ट्रक) लिहिलेला जाड टायरही नको. बाराशे किलोच्या गाडीखाली तो दबतच नाही, नुसता उड्या मारतो. गोट्यांवर वीस पीएसआयपर्यंत हवा उतरवा आणि डांबर लागलं की दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे पुन्हा भरा. मोठं माप घालण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मुळे अपघातानंतर मूळ मापाचा मुद्दा निघू शकतो.

आणि जुने टायर दुकानात सोडू नका. नव्या गाडीचे उतरवलेले पाच टायर दुकानदार 'एक्स्चेंज'मध्ये भंगाराच्या भावात घेतो आणि आठवड्यात दुसऱ्या जिमनीवाल्याला जवळजवळ नव्याच्या भावात विकतो. माझे चार तसेच गेले. पाचवा काझापर्यंत कामाला आला, तो आता विकायचा आहे. किंमत आधी ठरवा, मगच गाडी रॅम्पवर चढवा. चाकं उतरली की तुमची बाजू गेली.