आमची वाटचाल : चार बोल्टांपासून पंचवीस मिलिमीटरपर्यंत

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) आमच्या शेडमधून सुरुवातीला दोनच वस्तू बाहेर जायच्या, रूळ जोडणारी फिशप्लेट आणि तिचे फिशबोल्ट. आता वेल्डिंगचे मोल्ड म्हणजे साचे आणि जॉगल्ड फिशप्लेटचे, म्हणजे वेल्डचा उंचवटा सामावायला मधे वाकवलेल्या पट्टीचे, क्लॅम्प बनतात, शिवाय जागेवर जाऊन थर्मिट वेल्डिंगही होतं, म्हणजे वितळलेलं पोलाद ओतून रूळ जोडणं. गिऱ्हाईक बहुतेक खाजगी सायडिंगवाले, म्हणजे कारखान्यांच्या आवारातल्या लायनी आणि माल उतरवायची यार्डं. तिथे गाडी हळू चालते म्हणून सांध्याकडे कुणी फारसं बघत नाही, आणि म्हणूनच आमच्या हाताला काम आहे.

फिशप्लेटचा सांधा दिसायला अगदी सोपा. दोन रुळांच्या टोकांना दोन्ही बाजूंनी एकेक पट्टी लावली, चार बोल्ट आवळले, झालं. पण पट्टी रुळाच्या उभ्या पोटाला टेकायची नसते, हे सायडिंगवर काम करणाऱ्या अनेकांना ठाऊक नसतं. ती टेकते फक्त दोन उतारांवर, रुळाच्या डोक्याखाली आणि पायाच्या वर. बोल्ट आवळला की ती पाचरीसारखी आत ओढली जाते आणि दोन टोकं एका पातळीत धरते. हे उतार घासून झिजले की पट्टी आत सरकत सरकत शेवटी पोटाला टेकते. मग बोल्ट कितीही आवळा, पाना घट्ट लागतो पण सांधा हलतच राहतो. अशा वेळी नवा बोल्ट मागवणारं गिऱ्हाईक आलं की आम्ही आधी पट्टीच्या वरच्या कडेचा मधला भाग पाहायला सांगतो. झीज तिथेच जास्त होते, कारण चाकाचा ठोका दोन टोकांच्या मधोमध बसतो.

आवळण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी मधले दोन बोल्ट, मग बाहेरचे दोन. मीटरला ५२ किलो आणि ६० किलो वजनाच्या रुळांना बोल्ट २५ मिलिमीटरचा. पान्याला पाइप चढवून ताणायचा मोह आवरावा. बोल्ट लांबतो, आटे बिघडतात आणि पट्टी इतकी जखडते की रुळाला सरकताच येत नाही. सरकणं गरजेचं आहे. १३ मीटरचा रूळ तापमानात ४० अंशांचा फरक पडला की साधारण ६ मिलिमीटर लांब-आखूड होतो. बडोद्यात मे महिन्यात दुपारी रुळाला हात लावून पाहा, हवेपेक्षा रूळ कितीतरी जास्त तापलेला असतो. दोन रुळांमधली फट बुजलेली आणि पट्टी गंजून जखडलेली असेल तर उन्हाळ्यात लाइन बाजूला फुगते आणि थंडीत बोल्ट वाकतात किंवा तुटतात. त्यावर उपाय एकच, आणि तो स्वस्तातला आहे. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, पट्ट्या उघडायच्या, तारेच्या ब्रशने घासायच्या, भोकांभोवती तडे आहेत का ते बघायचं आणि ग्रॅफाइट-रॉकेलचा घट्ट लेप उतारांना लावून परत बसवायच्या. आम्ही पट्ट्या विकतो, तरी हे सांगतो. तेलपाणी झालेली पट्टी जास्त टिकते हे खरं आहे आणि त्याने आमचा धंदा बुडालेला नाही.

भोकांबद्दल मात्र आम्ही ताठ आहोत. गॅसने पाडलेल्या भोकाचा रूळ आम्ही जोडत नाही. गॅसच्या कापाला खरबरीत, कडक झालेली कड राहते आणि तिथूनच ताऱ्यासारखे तडे फुटतात. भोक ड्रिलनेच पाडायचं, कडा चॅम्फर करायची, म्हणजे तिरकी घासायची. रूळही करवतीनेच कापायचा.

आता हिशोब बघा. १३ मीटरचे रूळ टाकलेल्या एक किलोमीटर लायनीत दोन्ही बाजू मिळून दीडशेच्या वर सांधे येतात. प्रत्येक सांध्यावर ठोका, ठोक्याखाली खडी भुगा होते, स्लीपर खाली बसतो, सांधा आणखी खाली जातो, ठोका वाढतो. बसलेला सांधा नुसती खडी ठोकून वर येत नाही, कारण तोवर रुळाचं टोकच वाकलेलं असतं. फिशप्लेट विकून ही साखळी तुटणार नाही हे उमगलं तेव्हा मोल्ड बनवायला लागलो आणि पुढे वेल्डिंगकडे वळलो.

बडोद्याच्या माणसाला यात थोडा इतिहासही दिसतो. खंडेराव गायकवाडांनी १८६२ मध्ये डभोई ते मियागाम लाइन टाकली, ती बैलांनी ओढायची. रूळ इतके हलके की इंजिनाला झेपेनात. रूळ बदलले आणि मगच इंजिनं नियमित धावली. आज ६० किलोच्या रुळाचा एक मीटर दोघांना मिळून उचलावा लागतो, तरी कमकुवत जागा तीच राहिली आहे, दोन रुळांमधली.

थर्मिट वेल्डिंगचं तत्त्व हान्स गोल्डश्मिट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचं. एका भाग अॅल्युमिनियमच्या भुकटीला साधारण तीन भाग लोहभस्म. पेटवलं की अॅल्युमिनियम ऑक्सिजन ओढून घेतं, लोखंड वितळून मोकळं होतं आणि वर मळी तरंगते. नुसतं लोखंड मऊ पडेल, म्हणून पोर्शनच्या, म्हणजे एका सांध्यापुरत्या मिश्रणाच्या, थैलीत मँगनीजसारखे मिश्रधातू आधीच घातलेले असतात. थैली रुळाच्या वजनाची आणि दर्जाची लागते. ५२ किलोची थैली ६० किलोच्या सांध्याला पुरेल का, असा प्रश्न आम्हाला फोनवर नेहमी येतो. पुरत नाही. थैलीला भोक असेल किंवा तिला ओल लागली असेल तर ती बाजूला काढायची. ओलाव्याची वाफ पोलादात अडकते आणि सांध्यात बुडबुडे राहतात. क्रूसिबल, म्हणजे मिश्रण पेटवायचं भांडं, ओलं असेल तर ओतताना उडणारं पोलाद कामगाराच्या अंगावर येतं. पावसाच्या भुरभुरीत काम बंद, यावर वाद नाही.

सांध्याचं भवितव्य आग लावायच्या आधीच ठरतं, असं आमचं मत आहे. फट २५ मिलिमीटर, फार तर एक कमी किंवा एक जास्त. ती डोक्यापाशी मोजायची तशीच पायापाशीही, कारण तिरपा कापलेला रूळ वर बरोबर आणि खाली चुकीचा असतो. टोकांचा गंज आणि तेलकटपणा ब्रश आणि रॉकेलने काढायचा. दोन्ही बाजूंच्या पाच-पाच स्लीपरांच्या पकडी सैल करायच्या, म्हणजे रूळ उचलता येतो.

उचलायचा का, तर गार होताना रुळाचं डोकं पायापेक्षा थोडं जास्त आकसतं आणि सांधा खाली बसतो. म्हणून आधीच त्याला वर धरायचं. एक मीटरची सरळ पट्टी मधोमध सांध्यावर ठेवली की ९० यूटीएसच्या (यूटीएस म्हणजे पोलादाची ताण सोसायची ताकद) रुळाला तिच्या दोन्ही टोकांखाली २ ते २.४ मिलिमीटर मोकळं दिसलं पाहिजे. जुन्या ७२ यूटीएसच्या रुळाला ३ ते ४. बाजूने मात्र अर्ध्या मिलिमीटरपलीकडे खपत नाही. फीलर गेजची, म्हणजे ठरावीक जाडीची, पातळ पाती आत सरकवून हे मोजतात, डोळ्याने अंदाज करून नाही. आमच्या शेडमध्ये गुजराती, मराठी आणि हिंदी तिन्ही चालतात, पण पट्टीखालच्या या मोकळ्या जागेला सगळे ‘उचल’ म्हणतात आणि उचल लिहिल्याशिवाय मोल्डला हात लावत नाहीत.

मोल्ड तीन तुकड्यांचा घेतो, दोन बाजू आणि एक तळ. रुळाच्या पायाभोवती नीट बसतो का ते कोरडा लावून पाहायचा, गरज पडली तर घासायचा, मग फटी लुटिंग सँडने भरायच्या. ही माती हाताने दाबताना कंटाळा केला तर वितळलेलं पोलाद फटीतून पायाखाली झिरपतं आणि तिथे पातळ पापुद्रा चिकटून राहतो. पुढे तडा याच पापुद्र्यापासून निघतो. माती फार ओली असेल तर मोल्डमध्ये वाफ. मूठ आवळल्यावर गोळा राहील आणि हाताला पाणी लागणार नाही, एवढीच ओल ठेवायची.

नंतर तापवणं. हातपंपाच्या हवा-पेट्रोल बर्नरने १० ते १२ मिनिटं लागतात, ऑक्सिजन-एलपीजीने दोन ते अडीच. रुळाची टोकं ६०० अंशांच्या आसपास यायला हवीत. भर दुपारच्या उन्हात त्या तापमानाचा लाल रंग नीट दिसत नाही, तेव्हा घड्याळ आणि प्रेशर गेज यांवर भरवसा ठेवावा लागतो. कमी तापवलं तर पोलाद टोकाला चिकटल्यासारखं दिसतं पण एकजीव होत नाही. हा दोष पायाच्या कडांना जास्त सापडतो, कारण ज्योत तिथे सगळ्यात उशिरा पोचते. बर्नर मधोमध नसेल तर एक टोक भाजून निघतं आणि दुसरं थंड.

बर्नर काढला की लगेच क्रूसिबल सांध्यावर आणून पोर्शन पेटवायचा. रेंगाळलात तर तापवलेलं सगळं वाया. २० सेकंदांच्या आसपास मिश्रण पूर्ण पेटतं, मळी वर येते, तळाचं थिंबल, म्हणजे भोक बुजवणारं टोपण, वितळून आपोआप उघडतं आणि आधी पोलाद, मग मळी उतरते. थिंबल वेळेआधी उघडलं तर मळी पोलादासोबत आत जाते. हे वीस सेकंद कुणी काही बोलत नाही.

चार ते सहा मिनिटांनी मोल्ड सोडवून हायड्रॉलिक ट्रिमरने वरचं जास्तीचं पोलाद कापतात. इथे घाई झाली तर लालबुंद पोलाद ओढलं जाऊन फाटतं, उशीर झाला तर ट्रिमर अडकतो. आणि इथेच सगळ्यात जास्त सांधे बिघडतात, ते ग्राइंडरने. सांधा गरम असताना अजून उचललेला असतो. वेल्डरला तो उंचवटा खटकतो, तो घासून चकचकीत सपाट करतो आणि गार झाल्यावर तिथे खळगा पडतो. उंच सांधा घासून खाली आणता येतो, खळग्यावर काहीच चढवता येत नाही. आम्ही गरम असताना थोडं राखून घासतो, शेवटचा हात पूर्ण गार झाल्यावर. मीटर पट्टीवर मधोमध एक मिलिमीटरपर्यंत उंच चालतो, खाली मुळीच नाही. म्हणून सव्वा तासापेक्षा कमी ब्लॉक, म्हणजे गाड्या थांबवून कामाला दिलेला वेळ, मिळत असेल तर आम्ही काम पुढे ढकलतो. ओतल्यानंतर किमान अर्धा तास वॅगन नाही, आणि अल्ट्रासॉनिक तपासणी होईपर्यंत सांधा जॉगल्ड फिशप्लेट आणि क्लॅम्पमध्ये बांधलेला, खाली लाकडी ठोकळे दिलेले.

तपासणीत दोष निघाला तर तो भाग कापून काढतात. त्या जागी ७५ मिलिमीटरची रुंद फट ठेवून एकच सांधा करता येतो, नाहीतर रुळाचा तुकडा टाकून दोन सांधे करावे लागतात. रुंद फटीला पोर्शन मोठा लागतो आणि मोल्डही वेगळा. पायाच्या मध्यावर, पोटाच्या बरोब्बर खाली येणारा अर्धचंद्रासारखा तडा साध्या शोधकाला सहज दिसत नाही, त्यासाठी प्रोब वेगळ्या कोनातून लावावा लागतो. तपासणीवाला तो कोन टाळून निघाला तर आम्हीच त्याला थांबवतो, सांधा आमचा असला तरी.

सायडिंगवर ५२ आणि ६० किलोचे रूळ समोरासमोर येणं नेहमीचं आहे. एकाची उंची १५६ मिलिमीटर, दुसऱ्याची १७२. वरून चाकाची वाट जुळवायची, म्हणजे १६ मिलिमीटरचा फरक सगळा खाली येतो. त्यासाठी खास मोल्ड लागतो आणि तो आम्ही त्या जोडीच्या मापाने करून देतो. जुना रूळ झिजलेला असेल तर मागणीसोबत त्याच्या डोक्याची झीज मोजून पाठवा, नुसतं ‘५२चा आहे’ एवढं पुरत नाही.

हेही खरं की भिलाईहून २६० मीटरचे रूळ येऊ लागल्यापासून थर्मिटची गरज घटली आहे, आणि जिथे फिरतं फ्लॅश बट मशीन पोचू शकतं तिथे तोच सांधा सरस. त्यात बाहेरचं पोलाद नसतं, रूळच तापून एकमेकांत दाबले जातात. लांब सायडिंगवाल्याला आम्ही तोच सल्ला देतो. आमच्याकडे उरतात वळणं, काटे, दुरुस्त्या आणि मशीन न पोचणारे कोपरे.

प्रत्येक सांध्याशेजारी रुळाच्या पोटावर अॅल्युमिनियमची पट्टी चिकटवलेली असते. महिना, वर्ष, एजन्सी, वेल्डरचा क्रमांक आणि सांध्याचा क्रमांक. तेच आमच्या वहीत, सोबत पोर्शनचा बॅच, फट आणि उचल. पट्टी पडली असेल तर आजूबाजूच्या सांध्यांचे क्रमांक कळवा, वहीतून मधला सांधा सापडतो.