मेहनत सगळेच करतात

आज पुण्यात नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत एमपीएससी करणाऱ्या मुलांशी बोलायला गेले होते. बीड, धाराशिव, नंदुरबारकडची मुलं. मेहनतीत एकही कमी नाही. पण एकाचे वडील दर महिन्याला न चुकता पैसे पाठवतात, तर दुसरा सकाळी मेसमध्ये वाढपी म्हणून राबतो आणि मग पुस्तक उघडतो. एकीला घरून स्पष्ट सांगितलंय, यंदा नाही झालं तर लग्न.

माझे आईवडील दोघेही शिक्षक, कोथरूडला स्वतःचं घर. बारावीनंतर कुठला फॉर्म भरायचा हे सांगणारी माणसं घरातच होती. माझं एक वर्ष वाया गेलं तेव्हा कुणी खर्चाचा विषयही काढला नाही. या मुलीला ते एक वर्ष मिळणारच नाहीये!

याच पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगाला लिहिलं होतं की, सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो.

"मॅडम, मनापासून केलं की होतंच ना?" तिने विचारलं. मला नुसतं 'हो' म्हणवेना. विद्यावेतनाचे अर्ज कुठे, कधी भरायचे ते तिच्यासोबत बसून बघितलं. पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे. कुणाला यायचं असेल तर कळवा, मुलाखतीची तयारी करून घेणारी माणसं हवी आहेत.