लिटल गिडिंगची छोटीशी वारी

आळंदीहून एकदा तरी चालायचं असं कधीपासून घोकतोय, ते राहिलंच आणि पायी देवाला गेलो तो इंग्लंडात, हंटिंग्डनच्या बाजूला. लेटन ब्रॉम्सवोल्ड ते लिटल गिडिंग, साधारण 5 मैल. बहुतेक सगळे साठीच्या पुढचे, आणि धापा टाकणारा मीच.

लेटनचं चर्च कवी-पाद्री जॉर्ज हर्बर्टने दुरुस्त करून घेतलेलं. प्रार्थनेची जागा आणि प्रवचनाची जागा त्याने मुद्दाम एकाच उंचीची केली, कोणी कोणापेक्षा मोठं नको म्हणून. आमच्या गावच्या बुवांना दाखवायला पाहिजे!

मग नुसती शेतं, कुंपणं, बुटाला चिकटणारी चिकणमाती. आणि लिटल गिडिंग आलं तरी मला कळलंच नाही, कारण गाव असं नाहीच, एक छोटं चर्च, एक मोठं घर, आणखी चार घरं, संपलं. दुकान नाही, पबसुद्धा नाही. 1625 साली फेरार कुटुंबाने हे घेतलं तेव्हाही ते ओसच होतं, चर्चमध्ये गवत भरलेलं न् डुकरं. निकोलस फेरार लंडनला व्हर्जिनिया कंपनीत मोठा माणूस, ती कंपनी बुडाल्यावर सगळं सोडून आई, भाऊ, बहीण, त्यांची पोरं असा तीसेक जणांचा गोतावळा घेऊन इथे आला. दर तासाला प्रार्थना, आणि रोज सगळे मिळून 150 च्या 150 स्तोत्रं म्हणायचे. रोज! आमची आजी संध्याकाळी हरिपाठाला बसली की घरात कोणी हलायचं नाही, तेच आठवलं. 1646 मध्ये युद्ध हरलेला राजा पहिला चार्ल्स लपतछपत इथेच आला होता.

निकोलसची कबर आत नाही, दाराबाहेर वाटेतच. मरायच्या आधी तीन दिवस त्याने ती जागा दाखवली आणि नाटकं, प्रेमकाव्य अशी आपली पुस्तकं तिथेच जाळायला लावली. धूर बघून आसपासचे लोक म्हणाले, जादूटोण्याची पुस्तकं जाळतोय. गाव तिकडचं असो की आपल्याकडचं, पारावरच्या गप्पा त्याच.

नंतर चहा-केक. शेजारच्या आजींनी विचारलं, तुमच्याकडे असं चालतात का? म्हटलं हो, अडीचशे किलोमीटर, लाखो माणसं. त्या जरा गप्प झाल्या, मग म्हणाल्या, आणि परत कसे येतात?

एसटीने, म्हटलं.