ऑक्टाव्हियाच्या पोटाखालचा गायब पत्रा

रत्नागिरीहून परत येताना आंबा घाट चढून वर आलो आणि बाबा म्हणाले, "आपल्या गाडीत उजवा पाय भाजतोय रे." एसी चालू होता, म्हणून आधी मी ते उन्हावर ढकललं. पण चहाला थांबल्यावर त्यांच्या बाजूचं कार्पेट चाचपलं, तर गिअरच्या दांड्याच्या मागे, जिथे त्यांचा बूट टेकलेला होता, तिथे हात ठेववत नव्हता. हँडब्रेक सोडला तर तोही सुटला अर्धवटच. डावं मागचं चाक जरा धरून राहिलं होतं. या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असेल, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

गाडी २००६ ची स्कोडा ऑक्टाव्हिया, १.९ टीडीआय म्हणजे डिझेल, ९० हॉर्सपॉवरवाली. तेव्हाच्या औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर) शेंद्र्याच्या कारखान्यात जुळणी झालेली. बाबांनी नवी घेतली होती, आता २ लाख १४ हजार किलोमीटर झालेत आणि इंजिनाबद्दल आजही एक शब्द वाईट बोलावा असं नाही.

शनिवार. खाली डोकावलो

मित्राच्या गॅरेजमधल्या खड्ड्यावर गाडी घेतली. टॉर्च मारला आणि पहिल्या मिनिटात कळलं. पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) वरचं हीट शील्ड, म्हणजे एक्झॉस्टची उष्णता वर जाऊ न देणारा पत्रा, जागेवर. मागे सायलेन्सरवरचं जागेवर. मधल्या टनेलमध्ये, म्हणजे फ्लोअरखालच्या लांब पन्हळीत, जिथून एक्झॉस्टचा लांब पाइप सरळ जातो, तिथे काहीच नाही. फक्त फ्लोअरचा काळा थर, त्यातून खाली आलेले जाड आट्यांचे स्टड (पत्रा अडकवायच्या खुंट्या), आणि एका स्टडवर अजून अडकलेला अ‍ॅल्युमिनियमचा नखाएवढा फाटका तुकडा.

म्हणजे पत्रा कधीतरी होता आणि कुणीतरी ओढून काढला. मग आठवलं. तीन-चार वर्षांपूर्वी खालून खडखड येते म्हणून एका गॅरेजात गाडी दिली होती, आणि आवाज गेला होता. बिलात फक्त 'एक्झॉस्ट आवाज' एवढंच लिहिलेलं. खडखडणारा पत्रा काढून टाकला की आवाज जातो, यात शंकाच नाही. पण तो पत्रा तिथे कशासाठी होता हे गाडीच्या मालकाला सांगायला हवं होतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या गाडीत हँडब्रेकच्या दोन्ही केबल याच टनेलमधून, हीट शील्डच्या वरून मागे जातात. मूळ रचनेत पाइप खाली, मध्ये पत्रा, वर केबल. आता पाइप आणि केबल समोरासमोर. डाव्या केबलचं काळं प्लास्टिक आवरण एका जागी चकाकत होतं, मऊ होऊन पुन्हा घट्ट झाल्यासारखं. बोटाने दाबलं तर तिथे केबल आत सरकताना अडत होती. बाबांचा पाय आणि धरून राहिलेलं चाक, दोन्हीचं उत्तर तिथेच मिळालं.

रविवार. आधी मोजायचं

नवा पत्रा लावायच्या आधी आत्ताची स्थिती मोजून ठेवायची असं ठरवलं, नाहीतर नंतर 'बरं वाटतंय' यापलीकडे काही सांगता येत नाही. मल्टिमीटरबरोबर येतो तो के-टाइप थर्मोकपल (टोकाचं तापमान सांगणारी वायर) टनेलच्या छताला, बरोबर पाइपच्या वर, अ‍ॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बसवला. वायर पाइपपासून लांब ठेवून कडेने दारातून आत घेतली.

चाचणीचा रस्ता आपला नेहमीचा. कोल्हापुरातून वाघबीळ, तिथून चढ चढून पन्हाळ्याच्या नाक्यापर्यंत. संध्याकाळी पाच, बाहेर ३२ अंश, एसी चालू, तिसरा गिअर. चढ संपला तेव्हा टनेलचं छत ८८ अंश. गाडी बंद केली आणि खरा आकडा त्यानंतर आला. चालत्या गाडीला खालून वारा मिळतो, उभ्या गाडीला नाही. सात मिनिटांत आकडा १२१ वर गेला. त्या वेळी पाइपचा पृष्ठभाग २३० च्या आसपास होता.

डिझेलचा धूर पेट्रोलच्या मानाने थंड असतो, हे बरोबर आहे. त्यामुळे 'डिझेल गाडीला हीट शील्ड नसलं तरी चालतं' असं बरेच मिस्त्री सांगतात. पण किरणांनी फेकली जाणारी उष्णता तापमानाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, केल्व्हिनमधल्या (सेल्सिअस अधिक २७३) तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. १५० अंशांचा पाइप ३०० वर गेला की तो जवळपास ३.४ पट उष्णता फेकतो. गावात फिरताना काहीच जाणवत नाही आणि घाटात एकदम चटका बसतो, तो यामुळे. शिवाय या गाडीची डिझेलची टाकीही प्लास्टिकची आहे.

मंगळवार ते शुक्रवार. मूळ पत्र्याचा शोध

हे दिवस फुकट गेले. नवा पार्ट मिळाला नाही. भंगारात याच जातीच्या एका गाडीचा मिळाला, पण स्टडच्या भोकांभोवती तो पापडासारखा झडला होता. किलोच्या भावात उचलला. लावण्यासाठी नाही, आकार आणि घड्या समजून घ्यायला.

त्याच्याकडून शिकायला भरपूर मिळालं. पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, पण सगळ्या अंगावर बारीक ठसे उठवलेले. त्या ठशांमुळे पातळ पत्र्याला ताठपणा येतो आणि तो ढोलासारखा वाजत नाही. दुसरं म्हणजे तो फ्लोअरला चिकटून बसतच नाही. स्टडच्या जागी तेवढे खड्डे दाबलेले आहेत, बाकी सगळीकडे बोटभर पोकळी. काम या दोन गोष्टी मिळून करतात. चकचकीत पृष्ठभाग किरणं परत फेकतो, आणि वरची मोकळी हवा उरलेली उष्णता वर जाऊ देत नाही. पत्रा फ्लोअरला टेकवून बसवला तर तो स्वतः तापून तीच उष्णता फ्लोअरला देणार. नवा पत्रा बनवताना मी सगळ्यात जास्त जपलं ते या बोटभर पोकळीला.

शनिवार. उद्यमनगर

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर असताना पत्र्याच्या कामाला दुसरीकडे जायचं कारण नाही. ओळखीच्या मामांच्या शेडमध्ये गेलो. त्यांनी आधी जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा पुढे केला, २२ गेजचा. मजबूत असतो, पण एवढ्या तुकड्याचं वजन अडीच किलोच्या आसपास जातं, जस्ताची चमक काही महिन्यांत मावळते आणि कापलेल्या कडेला गंज धरतो. मी १ मिमी अ‍ॅल्युमिनियम मागितला, मऊ जातीचा, भांड्यांना वापरतात तसा. कडक जातीचा पत्रा घडी मारताना चिरतो. ९५ सेंटिमीटर बाय ४० चा तुकडा किलोभर भरला.

मामांनी तो हातात घेऊन हलवला. "ह्यो वाकतोय झकास, पण फडफडणार बगा."

मी जुना पत्रा दाखवला. त्यांनी ठशांवरून अंगठा फिरवला. "असलं आपल्याकडं न्हाई व्हायचं. पण रेघा मारून देतो."

रोलरच्या यंत्रातून त्यांनी पत्र्याच्या लांबीत चार उठावदार रेघा काढून दिल्या. पुन्हा हलवून बघितला तर फडफड बंद. सगळ्या कडाही पाऊण सेंटिमीटर दुमडून घेतल्या. कापलेल्या अ‍ॅल्युमिनियमची कड पात्यासारखी असते आणि पुढच्या वेळी खाली हात घालणारा माणूस मीच असणार. दुमडल्यामुळे ताठपणाही वाढला.

टनेलसारखा बाक मात्र पत्र्याला घरीच दिला. आधी पुठ्ठ्याचा साचा करून खाली लावून बघितला, तीनदा बदलला, मग त्यावरून पत्रा जाड पाइपवर हाताने दाबत वळवला. हातोडा लागला तो फक्त स्टडच्या जागचे खड्डे काढायला. लाकडी ठोकळ्याला वाटीसारखा खोलगट भाग केला आणि रबरी हातोड्याने पत्रा त्यात हळूहळू बसवला. प्रत्येक खड्डा १५ मिमी खोल. एवढीच वरची पोकळी.

भोकांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच बहुतेकांचं काम पुढे वाजायला लागतं. ९० सेंटिमीटर अ‍ॅल्युमिनियम १०० अंशांनी तापलं की सुमारे २ मिमी लांब होतं. फ्लोअर स्टीलचा, तो निम्माच वाढतो आणि तापतोही कमी. सगळी भोकं नेमक्या मापाची गोल ठेवली तर पत्र्याला जायला जागा नाही. तो मधेच फुगतो, थंड झाला की परत बसतो, आणि दर वेळी स्टडच्या कडेला घासतो. घासून भोक मोठं होतं, मग खडखड, मग कुणीतरी पत्रा काढून टाकतं. आमच्या गाडीत बहुधा हेच झालं असावं. म्हणून पुढचं एक भोक गोल ठेवलं, बाकीची कानशीने लांबट केली, लांबी गाडीच्या दिशेत.

रविवार. बसवणं

पाइप खाली घेतल्याशिवाय पत्रा आत जात नाही. आदल्या रात्रीपासून गाडी उभी, सगळं थंड, पुढच्या चाकांना दगड लावलेले. हँडब्रेकच्याच केबलवर काम असल्यामुळे त्याच्या भरवशावर राहायचं नव्हतं. जोडाचा क्लॅम्प ढिला केला, रबरी हँगर साबणाच्या पाण्याने सरकवून काढले. पाइप उतरवायच्या आधी पुढच्या भागाला दोरीने आधार दिला, हे विसरू नका. पुढे जाळीचा लवचीक तुकडा आहे, त्यावर सगळ्या पाइपचं वजन लोंबकळलं तर तो आतून फाटतो, आणि हीट शील्डच्या कामातून भलतंच काम उभं राहतं. पेट्रोल गाडी असेल तर ऑक्सिजन सेन्सरची वायरही सांभाळावी लागते. या इंजिनाला तो सेन्सरच नाही.

स्टड तारेच्या ब्रशने साफ केले. दोन गंजून बारीक झाले होते, पण आटे धरत होते. दाबून बसवायच्या मूळ चकत्यांऐवजी नट आणि ३० मिमीचे रुंद वॉशर वापरले, जस्ताचा मुलामा असलेले. स्टेनलेस दिसायला छान, पण आमची गाडी महिन्यातून एकदा कोकणात उतरते, आणि खारट ओलाव्यात स्टेनलेसशेजारचं अ‍ॅल्युमिनियम लवकर खाल्लं जातं. तांब्याचं ग्रीसही त्याच कारणाने टाळलं. नट आवळून मग अर्धा फेरा मागे घेतला आणि वर दुसरा नट लॉकसारखा बसवला. पत्रा हाताने पुढे-मागे जेमतेम सरकतो, वर-खाली हलत नाही. हवं होतं तसंच.

पाइप परत चढवताना चारी बाजूंनी बोट फिरवून बघितलं. सगळ्यात कमी अंतर १८ मिमी आलं. इंजिन चालू करून गिअर न टाकता रेस दिला, कुठे लागत नाही.

त्याच संध्याकाळी. पुन्हा पन्हाळा

तोच रस्ता, तोच गिअर, बाहेर ३१ अंश. थर्मोकपल मूळ जागीच, आता पत्र्याच्या वर. चढ संपताना ४९. गाडी बंद केल्यावर सगळ्यात जास्त ६३, तेही अकरा मिनिटांनी. १२१ च्या जागी ६३!

नाक्यावर एक घोळ लक्षात आला. आनंदात मी इन्फ्रारेड थर्मामीटर (न टेकवता, किरणांवरून तापमान सांगणारं यंत्र) नव्या पत्र्यावर खालून मारला, तर ४४ दाखवलं. पाइपच्या इतक्या जवळ पत्रा ४४ वर असूच शकत नाही. दुसरा थर्मोकपल टेकवला, तर १०६. चकचकीत अ‍ॅल्युमिनियम स्वतःची किरणं फार कमी सोडतं आणि यंत्राला बहुतेक आजूबाजूचं प्रतिबिंबच दिसतं. गंजलेल्या पाइपवर तेच यंत्र बरोबर चालतं, कारण गंज किरणं भरपूर सोडतो. पत्र्याचं तापमान त्या यंत्राने घ्यायचं असेल तर त्यावर काळ्या मॅट रंगाचा रुपयाएवढा ठिपका द्या आणि नेम तिथे धरा. पत्र्याला अख्खा काळा रंग मात्र देऊ नका, आणि फ्लोअरला मारतात ते डांबरी कोटिंगही नको. चमक गेली की अर्धं काम गेलं.

पत्रा, मामांची मजुरी, नट-वॉशर, भंगारातला नमुना, सगळं मिळून १,३५० रुपये.

तीन आठवड्यांनी

डावी केबल बदलली. जुनी कापून बघितली, आतलं प्लास्टिक चार सेंटिमीटरभर वितळून तारेला चिकटलं होतं. उजवी ठीक आहे, तरी तीही बदलणार, कारण तिनेही तेवढाच ताप सोसलाय.

८०० किलोमीटर झाल्यावर खाली जाऊन नट बघितले. एकही ढिला नाही. लांबट भोकांत वॉशरच्या घासण्याची खूण दिसते, दीडेक मिलिमीटर. पत्रा सरकतोय आणि परत येतोय. खडखड शून्य.

काल पुन्हा रत्नागिरी झाली. परतीला आंबा घाट चढून त्याच टपरीवर थांबलो. बाबा उतरले, चहा सांगितला, आंब्याच्या भावावर बोलत बसले. शेवटी मीच विचारलं, पाय कसा आहे?

"कुठला पाय?" म्हणाले.

पावसाळा संपला की गाडी परत खड्ड्यावर घेणार. तेव्हा वॉशरखालचं अ‍ॅल्युमिनियम कसं टिकलंय ते मापासकट लिहीन.