वायमार-डेसाऊ: जर्मन अक्षरांच्या मागे चार दिवस

सेमिस्टरचा विषय होता 'जर्मन ओळख', सहा पोस्टरं. माझं ठरलेलं होतं: बीअरच्या बाटलीवर असते तशी काळीभोर, टोकदार फ्राक्टुर अक्षरं घ्यायची, काम फत्ते. सरांनी एवढंच विचारलं, "या अक्षरांवर बंदी कुणी घातली, ठाऊक आहे?" मला वाटलं, दोस्त राष्ट्रांनी. निघाले नाझी! आधी अस्सल जर्मन म्हणून मिरवलेली अक्षरं १९४१ साली त्यांनीच 'ज्यूंची' ठरवून काढून टाकली. मी स्केचबुक घेऊन गाडीत बसलो.

लाइपझिगहून डेसाऊ पाऊण-एक तास. स्टेशनच्या मागच्या बाजूने बाहेर पडा, बाउहाउस या कला-डिझाइनच्या गाजलेल्या शाळेची १९२६ची इमारत चालत दहा मिनिटांवर. काचेची भिंत फोटोत सगळ्यांनी पाहिलेली असते. माझा वेळ गेला अक्षरांत. जर्मनमध्ये प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठं, ही शाळेपासूनची शिस्त. इथे शिकवणाऱ्या हर्बर्ट बायरने १९२५ साली सगळं लहान अक्षरांत छापायला घेतलं, आणि लेटरहेडच्या तळाशी कारणही दिलं: वेळ वाचतो. देवनागरीत लहान-मोठं अक्षर ही भानगडच नाही, त्यामुळे यात बंड कसलं, हे मला आधी कळेचना. गंमत म्हणजे इमारतीवर उभं लिहिलेलं 'बाउहाउस' बायरचंच, आणि ते चक्क मोठ्या अक्षरांत.

विद्यार्थ्यांच्या जुन्या खोल्यांत राहता येतं. संडास-बाथरूम सामायिक आहे, पण सकाळचा उजेड बघायला तिथेच राहा. बुकिंग आधी करा. रविवारी दुकानं बंद असतात, खायचं शनिवारीच घेऊन ठेवा. डॉइचलँडटिकेट हा महिन्याचा पास प्रादेशिक गाड्यांना चालतो, आयसीई या वेगवान गाड्यांना नाही. तो दरमहा आपोआप पुढे सरकतो. दहा तारखेच्या आत रद्द केला नाही तर पुढच्या महिन्याचेही पैसे जातात. माझे गेले.

बाउहाउस ही शाळा मुळात वायमारला १९१९ साली सुरू झाली, तिथलं नवं बाउहाउस संग्रहालय तासा-दोन तासांत होतं. उरलेला दिवस बुखेनवाल्ड या नाझी छळछावणीसाठी ठेवा. स्टेशनवरून ६ नंबरची बस, प्रवेश फुकट. टेकडीवर वारा फार, मी पातळ जाकिटात कुडकुडलो.

छळछावणीच्या लोखंडी फाटकात 'येडेम दास झाइने' अशी अक्षरं आहेत, म्हणजे 'ज्याचं त्याला'. आतल्या कैद्यांना वाचता यावीत, अशी आत तोंड करून बसवलेली. ती करायला लावली फ्रांझ एर्लिशला. तो कैदी होता, आणि डेसाऊच्या बाउहाउसमध्ये शिकलेला. जी शैली नाझींना खपत नव्हती, तिच्याच वळणाची सुबक, गोलसर अक्षरं त्याने त्यांच्याच फाटकात घातली.

मी 'स' या अक्षराचा पोटातला गोलावा बघतो तसा त्या 'एस'चा गोलावा बघत राहिलो. पोस्टरं आता सहा नाहीत, तीन आहेत. फ्राक्टुर एकाच पोस्टरवर आहे, तीही खोडलेली.