सीमोर्गाचं पीस

फारसीत 'मोर्ग' म्हणजे पक्षी, पण तेहरानमध्ये दुकानात 'मोर्ग' मागितलं की कोंबडी मिळते. 'सी' म्हणजे तीस. त्यामुळे 'सीमोर्ग' हे इराणी दंतकथांतल्या अद्भुत पक्ष्याचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तीस कोंबड्याच आल्या!

मग खालच्या मजल्यावरच्या खानुमच्या (म्हणजे बाईंच्या) सुनेचं सिझेरियन झालं. बाळ घरी आलं त्या दिवशी खानुम दारातच निखाऱ्यांवर एस्फंदचे दाणे टाकत होत्या. तडतड, आणि डोळे चुरचुरवणारा धूर. आपल्या मीठ-मोहऱ्यांसारखंच, दृष्ट काढायला. "सीमोर्गाचं पीस कुठून आणू? म्हणून हे," त्या म्हणाल्या. मला ओ की ठो कळेना. मग चहा आला, आणि चहामागून गोष्ट.

साम नावाच्या सरदाराला मुलगा झाला, तो पांढऱ्या केसांचा. लोक काय म्हणतील म्हणून बापाने त्याला अल्बोर्झ पर्वतावर टाकून दिलं. (तोच हा अल्बोर्झ, धुरकं नसेल तेव्हा आमच्या गॅलरीतून दिसणारा.) सीमोर्गाने त्या मुलाला, झालला, आपल्या पिल्लांसोबत वाढवलं आणि निरोप देताना आपलं पीस दिलं: अडलास तर जाळ, मी येईन. पुढे झालची बायको रूदाबे बाळंतपणात अडली. पीस जाळताच सीमोर्ग हजर. तिला मद्य पाजून गुंगवा, कूस चिरून बाळ काढा, टाके घाला, वनस्पती दूध-कस्तुरीत वाटून जखमेवर लावा, वरून माझं पीस फिरवा! असा जन्मला महावीर रोस्तम. फिरदौसी कवीने १०१० मध्ये पुरं केलेल्या 'शाहनामा' या महाकाव्यात हे सगळं आहे. म्हणून सिझेरियनला फारसीत 'रोस्तमीने' असाही शब्द आहे. दवाखान्यात मात्र सगळे 'सेझारियन'च म्हणतात.

खानुमच्या तबकावरचा सीमोर्ग लांब, लहरत्या शेपटीचा. मंगोलांनंतर चिनी चित्रांतून आलेलं हे रूप. त्याआधीच्या, इस्लामपूर्व सासानी राजवटीतल्या कलेत त्याला चक्क कुत्र्याचं तोंड आणि मोराची शेपटी. केरमानशाहजवळ ताक-ए-बोस्तानच्या कातळशिल्पात राजाच्या झग्यावर तो कोरलेला आहे. मला तोच जास्त आवडतो, जरा खट्याळ दिसतो.

नावाचं मूळ अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथातल्या 'सएन' शब्दात, म्हणजे आपल्या संस्कृत 'श्येन'चा (ससाण्याचा) सख्खा भाऊ. तीस पक्ष्यांची शाब्दिक कोटी मात्र अत्तार कवीने बाराव्या शतकातच करून ठेवली आहे: सीमोर्गाला शोधत निघालेल्या पक्ष्यांपैकी तीसच पोचतात आणि बघतात तर सीमोर्ग म्हणजे तेच. माझ्या कोंबड्या तिथवर कुठल्या जायला!

एवढ्या धुरातही बाळ गाढ झोपलेलं. खानुमने टोपडं सरकवून मला मुद्दाम जावळ दाखवलं. काळंभोर.