रफारात अडकलेले निवृत्तिवेतन

इंदूरमधील एका सरकारी कार्यालयात निवृत्तिवेतनाच्या जुन्या नोंदी नव्या संगणकप्रणालीत आणण्याचे काम मी काही काळ करत होतो. कंत्राटदाराने नेमलेला प्रोग्रॅमर, एवढाच माझा हुद्दा होता. खिडकीवर येणाऱ्या माणसांशी माझा संबंध येण्याचे कारण नव्हते. तो आला, कारण एका सकाळी खिडकीवरच्या बाबूंनी मला हाक मारली, "भैया, ये माताजी मराठी हैं, आप ही समझा दो. सिस्टम उठा नहीं रहा."

समोर रामबागेत राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या एक बाई उभ्या होत्या. त्यांचे यजमान सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते आणि त्यांच्या निधनानंतर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी बाईंनी केलेला अर्ज तीनदा परत आला होता. तिन्ही पावत्यांवर एकच शेरा होता : नाम मेल नहीं खाता. आडनाव येथे सांगत नाही; गोऱ्हे किंवा कऱ्हाडे यांच्यात असतो तसा अर्धा र त्यात होता, एवढे पुरे. मी यजमानांच्या नोंदीतील पत्नीचे नाव आणि अर्जातील नाव पडद्यावर शेजारी शेजारी उघडले. दोन्ही तंतोतंत सारखी दिसत होती. मीही बाबूंसारखेच काहीतरी पुटपुटणार होतो.

तेवढ्यात बाईंनी पावती माझ्यापुढे धरली. "तुमच्या पडद्यावर काय आहे ते मला ठाऊक नाही, पण या कागदावर माझे आडनाव नाही. इथे रफार आलाय. आचार्यांना बोलावणे आणि आचाऱ्यांना बोलावणे यांत फरक आहे की नाही?" त्या मराठीच्या निवृत्त शिक्षिका होत्या, हे मला नंतर कळले. पावतीवर 'ऱ्ह'च्या जागी खरोखरच 'र्ह' छापला गेला होता. तीन महिन्यांत ती पावती अनेकांच्या हातांतून गेली होती. पण हिंदी लिहिण्यावाचण्यात हा अर्धा र येतच नाही, तेव्हा तो कोणाला खटकला नाही यात नवल नव्हते.

तो धागा धरल्यावर अर्ध्या तासात उलगडा झाला. जुन्या नोंदी कृतिदेव फॉन्टमध्ये टंकित होत्या. मध्य प्रदेशातील सरकारी कचेऱ्यांचे कितीतरी लिखाण वर्षानुवर्षे याच फॉन्टमध्ये झाले आहे. या फॉन्टमध्ये दिसतात देवनागरी अक्षरे, पण यंत्राच्या लेखी ती रोमन अक्षरेच असतात; 'क' म्हणून जे दिसते ते आत 'डी' असते. म्हणून या नोंदींत नाव शोधणे किंवा अकारविल्हे यादी लावणे जमत नाही, आणि त्यांचे युनिकोडमध्ये, म्हणजे निरनिराळ्या लिपींतील अक्षरांना स्वतःचा संकेतांक देणाऱ्या पद्धतीत, रूपांतर करावे लागते. आता युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो. एक म्हणजे ०९३१ हा संकेतांक असलेला 'ऱ' आणि त्यापुढे हलन्त. दुसरी, जुनी रीत म्हणजे साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर नावाचे अदृश्य चिन्ह. पडद्यावर दोन्हींचे रूप एक, संकेतांक मात्र वेगळे. आमच्या आधीच्या कंत्राटदाराच्या रूपांतरात दुसरी रीत वापरली गेली होती, अर्ज भरताना पहिली. आणि पावती छापणारा भाग अदृश्य चिन्हे 'कचरा' म्हणून गाळून टाकत असल्यामुळे कागदावर उघडा रफार उमटला होता. खरे म्हणजे त्या बिघाडाचे उपकारच मानायला हवेत, नाहीतर हा दोष कधी दिसलाच नसता.

अधिकाऱ्यांना सारे सांगितल्यावर ते म्हणाले, "सीधे डेटाबेस में ठीक कर दो, माताजी को आज ही भेज दो." ते सहज शक्य होते. मी नकार दिला आणि तो देताना बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिले नाही. जुन्या नोंदवहीत नाव दुरुस्त करायचे झाले तर मूळ अक्षर वाचता येईल अशी आडवी रेघ मारून वर नवे लिहीत आणि बाजूला सही करीत. आमच्या नव्या प्रणालीत, जिचे वर्णन सगळीकडे पारदर्शक असे केले जात होते, माझ्यासारखा माणूस मागच्या दाराने कोणाचेही नाव बदलू शकत होता आणि कोणी बदलले, का बदलले, याचा मागमूस राहत नव्हता. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या चौथ्या कलमात अभिलेखांची सूची करून त्यांचे संगणकीकरण करावे असे म्हटले आहे. ज्या दुरुस्तीची नोंदच नाही तिची माहिती कोण, कशी मागणार?

आणखी एक गोष्ट त्या दिवशी ध्यानात आली. मध्य प्रदेशाने २०१० मध्ये लोकसेवा हमीचा कायदा केला, देशातला अशा प्रकारचा पहिला, आणि मुदत चुकवणाऱ्यास दंडाची तरतूद केली. मुदतीचा धाक चांगलाच; पण आमच्या तक्त्यात नामंजूर अर्जही 'निकाली' म्हणून हिरव्या रंगात मोजला जाई. बाईंचे तिन्ही अर्ज त्या हिशेबाने वेळेत निकाली निघाले होते.

पुढचे चार दिवस आम्ही दोन बदल करण्यात घालवले. नावे ताडून पाहण्याआधी अर्ध्या र ची दोन्ही रूपे एकाच रूपात आणायची. आणि तरीही नाव जुळले नाही तर दोन्ही नावे कर्मचाऱ्यापुढे ठेवून निर्णय, कारण आणि निर्णय घेणाऱ्याचे नाव कायम नोंदवायचे. काळे आणि काले यांचा प्रश्न मुद्दामच या दुसऱ्या वाटेवर सोडला. आधारवर रोमन लिपीतून देवनागरीत येताना 'ळ'चा 'ल' झालेली कुटुंबे इंदुरात ठायी ठायी भेटतात, पण काले हे खरे आडनावही असते. तिथे यंत्राने परस्पर निकाल देऊ नये असे माझे मत होते आणि ते अधिकाऱ्यांनी, थोडे कुरकुरत, मानले.

पाचव्या दिवशी बाई पुन्हा आल्या. मंजुरीची पावती त्यांनी चष्मा लावून शब्द न् शब्द वाचली. दुरुस्तीच्या रकान्यात कारण लिहिले होते : आवेदिका द्वारा त्रुटि बताए जाने पर. "याची एक प्रत जास्तीची द्या," त्या म्हणाल्या, आणि मिळालेली प्रत घडी करून त्यांनी त्या तीन जुन्या पावत्यांच्या वर ठेवली.